चामड्याखालची गाठ

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. लहानांनो, तुम्ही पुढे सरका. थोरांनो, तुम्ही मागे बसलात तरी चालेल, पण कान इकडे ठेवा; गोष्ट तुमच्याही कामाची आहे.

डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात भोवरी नावाची नदी होती. उन्हाळ्यात ती गुडघाभर पाण्याची असे, शेळ्यासुद्धा तिच्यातून उड्या मारत पार होत. पण आषाढ लागला की तीच नदी काठ खात, झाडं उपटत, लाल होऊन धावे. मग या काठचं माणूस या काठाला आणि त्या काठचं त्या काठाला.

डोंगराकडच्या काठावर कातळवाडी नावाची वस्ती होती. समोर मोठं गाव होतं आणि तिथून राजधानीचा रस्ता जात होता. दोन्हींच्या मध्ये दोरांचा एक झुलता पूल होता. राजधानीत पूलशाळा होती, तिथल्या कारागिरांनी तो कुणाच्या तरी आजोबांच्या काळात बांधला होता. एका पावसाळ्यात नदी फारच चढली आणि पूल घेऊन गेली. वस्तीच्या लोकांनी राजाकडे विनंती केली. उत्तर आलं, "कारागीर राज्याच्या दुसऱ्या टोकाला गुंतले आहेत. थांबा."

लोक थांबले.

कातळवाडीत गोजरा नावाची एक बाई शेळ्या राखायची. तिचा नवरा वर्षातले बरेच महिने मेंढरं घेऊन घाटाखाली असे. घरी ती आणि तिची सासू ठकूबाई, अशा दोघीच. ठकूबाई सुईण होती. दोन्ही काठांवरची निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मली होती.

पूल गेला त्याच पावसाळ्यात समोरून हाका आल्या. पलीकडे एक बाई अडली होती. ठकूबाई आपलं बोचकं घेऊन काठावर धावली. मध्ये पाणी. तिनं ओरडून सांगितलं, तिला कुशीवर वळवा, असं करा, तसं करा. पण नदीच्या आवाजात शब्द पोचेनात. दिवस कलला तशा हाका थांबल्या. ठकूबाई घरी आली, बोचकं खुंटीला अडकवलं आणि भिंतीला टेकून बसली. ती जेवली नाही.

गोजरानं ते पाहिलं.

पाणी ओसरल्यावर नदीच्या वळणावर, खडकांच्या सांदीत, वाहून गेलेल्या पुलाचे दोर अडकलेले तिला दिसले. चिखलानं माखलेले, झुडपांत गुंतलेले. शेळ्या चरायला सोडायच्या आणि ते दोर उकलत बसायचं, असा तिचा क्रम सुरू झाला. एक गाठ सोडवायची, पुन्हा तशीच बांधून बघायची. जमायची नाही. पुन्हा सोडवायची. हळूहळू तिच्या ध्यानात येऊ लागलं की इथं सुरगाठ चालते आणि तिथं निरगाठच हवी. इथं दोर दोनदा फिरवलाय तो शोभेसाठी नव्हे, ओढ वाटली जावी म्हणून. विचारायला कुणी नव्हतं. जे कळलं ते कळलं. जे शेवटपर्यंत कळलं नाही, तिथं तिनं स्वतःची गाठ तयार केली.

मग तिनं अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, जमवले. वस्तीतल्या बायकांनी दोर वळून दिले. आधी तिनं एका ओहोळावर लहानसा पूल टांगला आणि त्यावर धोंड्यांची पोती ठेवली. तुटला. पुन्हा टांगला. गाठ सरकली. पुन्हा टांगला, तेव्हा बांबू मोडला. लोक म्हणाले, "गोजरा, पुरे आता." ती म्हणाली, "आज कुठं मोडला ते तरी कळलं ना," आणि पुन्हा दोर ओढायला लागली.

अखेर पुढच्या उन्हाळ्यात भोवरीवर दोर चढले. खाली चालायला जाड दोरखंड, त्यावर आडवे बांबू, आणि दोन्ही बाजूंना हातांना धरायला दोर. आता पहिला पाय कुणी टाकायचा? सगळे एकमेकांकडे बघू लागले.

ठकूबाईनं पदर खोचला. "मी म्हातारी आहे. पडले तर गावाचं फार काही बुडणार नाही."

ती गेली. पलीकडे जाऊन जरा टेकली आणि परत आली.

"डुलतो," ती म्हणाली, "पण पायाला भरवसा वाटतो."

तो पूल पावसाळाभर टिकला. त्याच्यापुढच्या पावसाळ्यातही टिकला. पलीकडचे लोक येऊ-जाऊ लागले आणि कातळवाडीच्या माळावर आठवड्याचा बाजार भरू लागला. मध, तूप, घोंगड्या इकडून जायच्या. मीठ आणि भांडी तिकडून यायची. ठकूबाईचं बोचकं खुंटीवर फारसं राहीनासं झालं.

तुम्हाला वाटेल, गोजरा आता ताठ मानेनं चालत असेल. तसं झालं नाही.

लोक तिला "पूलवाली गोजरा" म्हणायला लागले आणि तिच्या पोटात गोळा यायला लागला. मी कुठली पूलवाली, ती मनाशी म्हणायची. पूलशाळेत माणसं अर्धं आयुष्य घालवतात. तिथं गुरू असतात, गाठींना नावं असतात. मी शेळ्यांमागं बसून दुसऱ्यांचे दोर उसवले आणि कसंबसं जमवलं. हे मला येतं म्हणून झालं नाही, नशिबानं झालं. एक दिवस एखादा जाणकार या पुलावरून जाईल, खाली वाकून गाठ बघेल आणि भर बाजारात म्हणेल, "अरे, हे बांधलं कुणी? तिला तर काहीच येत नाही!"

हा न आलेला जाणकार तिला सगळीकडे दिसू लागला. राजधानीकडचा फेटा दिसला की ती शेळ्या घेऊन डोंगराआड जायची.

शेवटी तिनं एक उपाय केला. शेळीचं चामडं कमावून, त्याच्या पट्ट्या कापून, पुलाची एकूण एक गाठ तिनं चामड्यात शिवून टाकली. लोकांनी विचारलं तर सांगितलं, "पावसानं गाठी कुजू नयेत म्हणून."

"किती पुढचा विचार करते बघा!" लोक म्हणाले.

ते कौतुक तिला टोचलं. पण गाठी आता कुणाला दिसत नव्हत्या, त्यामुळे तिला जरा स्वस्थ वाटलं.

नदीच्या खालच्या अंगाला धावडं नावाचं गाव होतं. तिथला पिराजी नावाडी एकदा बाजाराला आला. पावसाळ्यात त्याची होडी काठाला बांधून ठेवावी लागे आणि धावड्याची माणसंही अडकून पडत. पिराजीनं पूल पाहिला, वरून खालून पाहिला, आणि गोजराला गाठून म्हणाला,

"बाई, मला ही गाठ शिकव. आमच्याकडं दोर आहेत, माणसं आहेत. फक्त टोकाला दोर कसा बांधलास तेवढं दाखव."

गोजरा एक पाऊल मागं सरली. "दाखवण्यासारखं काही नाही, पिराजीदादा. माझं ते अडाण्याचं काम. तुम्ही पूलशाळेच्या लोकांना विचारा."

"पूलशाळा आमच्या वाटेला कधी येणार? तुझा पूल माझ्या डोळ्यांसमोर उभा आहे. जरा ते चामडं उसवून दाखव, मी परत शिवून देतो."

"नको," गोजरा म्हणाली. "चामडं काढलं तर पाणी शिरेल."

पिराजीनं पुलाच्या मध्याकडे बोट केलं. "मग मधला एवढा दोर उघडाच आहे, त्यात नाही का शिरत?"

शेळ्या लांब गेल्याचं निमित्त करून ती निघून गेली.

पिराजी हट्टी होता. जाता जाता त्यानं पुलाकडे नीट पाहून घेतलं. बांबू किती अंतरावर आहेत, दोर किती जाड आहेत, सगळं लक्षात ठेवलं आणि धावड्याला जाऊन पूल बांधला. अगदी गोजराच्या पुलासारखा. चामड्याच्या पट्ट्यासुद्धा तशाच, टाकेही तसेच. फक्त चामड्याच्या आत काय आहे ते त्यानं पाहिलेलं नव्हतं. तिथं त्यानं आपली होडी बांधायची गाठ मारली.

होडीची गाठ पटकन सुटावी म्हणून असते.

पूल तयार झाल्यावर पिराजीनं सगळ्यांना काठावर थांबवलं आणि स्वतः गवताचा भारा डोक्यावर घेऊन निघाला. मध्यावर पोचला आणि मागचा दोर सुटला. खाली पाणी थोडं होतं, खडक जास्त होते. जीव वाचला, पण मांडीचं हाड मोडलं.

बातमी बाजाराबरोबर कातळवाडीला आली. गोजरा तशीच निघाली. धावड्याला पोचली तेव्हा पिराजी ओसरीवर खाटेवर पडला होता, पायाला कामट्या बांधलेल्या. तिला वाटलं होतं तो शिव्या देईल. तो म्हणाला, "बस. पाणी घे."

ती बसली.

"दादा, माझ्यामुळं झालं हे."

"गाठ मी बांधली."

"मी दाखवली असती तर..."

पिराजीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "दाखवली का नाहीस ते तरी सांग. आमच्या गावात पूल होऊ नये असं वाटत होतं?"

"नाही हो!" गोजरा कळवळून म्हणाली. "मला भीती वाटली. माझी गाठ चुकीची असेल आणि कुणाला तरी ते कळेल, अशी."

पिराजी हसायला गेला आणि कळ येऊन थांबला. "अगं, चुकीची असती तर मी तुला तोंडावर सांगितलं असतं. मी काही दोरांतला नवखा नाही. दोघांनी मिळून बरी केली असती. पण मला दिसलं काय? चामडं. मग मी चामडं उत्तम बांधलं बघ."

घरी येताना गोजरा वाटभर रडली. आजवर तिला वाटत होतं, आपण लपवतोय ते फक्त आपलं उणेपण. त्याचा त्रास झालाच तर आपल्याला होईल. आता एका भल्या माणसाची मांडी मोडली होती, आणि ती काही गोजराच्या गाठीतल्या चुकीनं नव्हे, गाठ झाकल्यानं मोडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुरी घेऊन पुलावर गेली आणि एकेक चामडं कापत सुटली. काठाजवळच्या एका गाठीचं चामडं काढलं आणि तिचा हात थबकला. आतला वाख काळा पडला होता. बोटानं दाबला तर भुगा झाला. उघडे दोर पावसात भिजत होते आणि वाऱ्यावर वाळत होते; चामड्यात शिरलेलं पाणी मात्र आतच मुरत राहिलं होतं. आणखी एक पावसाळा गेला असता तर हा पूल माणसांसकट खाली आला असता.

तिनं वाट बंद केली, वस्तीला बोलावलं आणि सगळ्यांना ती गाठ दाखवली. "हे माझं काम," ती म्हणाली. "पावसासाठी म्हणून सांगितलं होतं, ते खोटं होतं. गाठी कुणी बघू नयेत म्हणून मी झाकल्या." मग कुणीतरी नवा वाख आणायला गेलं.

पूल दुरुस्त झाला. आता गोजरानं ठरवलं की गाठ नुसती उघडी ठेवून भागणार नाही. ती लोकांसमोर बांधून दाखवायची. बाजाराच्या माळावर, पुलाच्या तोंडाशी, दोन मेढी, म्हणजे लाकडी खांब, पुरायच्या आणि तिथं बसायचं. ज्याला शिकायचंय त्यानं शिकावं. ज्याला खोट दिसेल त्यानं सांगावं.

ठरवणं सोपं होतं. बाजाराचा दिवस उजाडला तशी ती चुलीपाशीच घोटाळू लागली.

"जात का नाहीस?" ठकूबाईनं विचारलं.

"आत्याबाई, लोक हसले तर?"

"हसतील."

"मग मी काय करू?"

"लाज वाटली तर घरी ये. भाकरी झाकून ठेवते." ठकूबाईनं पीठ मळता मळता वर पाहिलं. "पण एखादा शिकला, तर त्यालाही जेवायला घेऊन ये."

गोजरा गेली. मेढी पुरल्या, दोर काढला आणि गाठ बांधायला लागली. पहिल्यांदा चुकलीच. स्वतःच बांधलेली, शेकडो वेळा बांधलेली गाठ! माणसं जमली. कुणी हसलं. एक बाई म्हणाली, "जरा हळू कर ना, मला दिसलं नाही." मग गोजरानं हळू केली, आणि हळू करता करता गाठ बरोबर बसली.

खालच्या डोहावरचा एक कोळी बराच वेळ बघत होता. तो म्हणाला, "दोर ओला झाला की ही जागा सैल पडेल. आम्ही जाळ्याला इथं एक वळसा जास्त देतो." गोजरानं दोर भिजवून बघितला. खरंच सैल पडत होता. तिनं वळसा जास्त दिला आणि पुढच्या माणसाला तीच नवी गाठ शिकवली. संध्याकाळी घरी आल्यावर तिला आठवलं की तिची चूक काढली गेली होती, चार माणसांत, आणि तिला ते दुखायला वेळच मिळाला नव्हता.

असे बाजार होत राहिले. लोक शिकून जात, आपापल्या ओढ्यांवर पूल बांधत, अडलं की परत येत. कुणी नवी युक्ती आणी. पिराजी काठी टेकत चालायला लागला, तसा आधी तिथंच आला. गाठ शिकला आणि धावड्याचा पूल पुन्हा बांधला.

एकदा राजधानीकडचा एक कारागीर घोडा पलीकडच्या काठावर बांधून बाजाराला आला. पूलशाळेत शिकलेला. त्यानं गोजराचं काम बघून भुवया वर केल्या.

"ही गाठ कुठल्या शाळेत शिकवतात?"

"कुठल्याच नाही," गोजरा म्हणाली.

"तरीच!" तो मोठ्यानं हसला. आजूबाजूचेही दोघे-चौघे हसले. गोजराचे कान लाल झाले. त्या दिवशी तिला दोर गुंडाळून घरी जावंसं वाटलं, आणि मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, ती थोडी लवकर गेलीही. पण पुढच्या बाजाराला पुन्हा आली.

तो कारागीर मात्र राजधानीत जाऊन गंमत म्हणून ही हकीकत सांगत सुटला. शेळ्या राखणारी बाई, माळावर बसते, आपल्या मनानंच गाठी बांधते, आणि लोक शिकतात! सगळे हसले. एक जण हसला नाही. ते होते सिदोजी नाईक, पूलशाळेचे सर्वांत थोर कारागीर. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि पूल उभा आहे?"

"आहे म्हणजे... आहे उभा," कारागीर म्हणाला.

पौषातल्या एका बाजाराला, कोवळ्या उन्हात, एक उंच म्हातारा गोजराच्या मेढींपुढे येऊन थांबला. गर्दी बाजूला झाली. कुणीतरी कुजबुजलं, "सिदोजी नाईक!" गोजरा दोर खाली ठेवून उठून उभी राहिली. ज्या जाणकाराला ती इतकी वर्षं घाबरत होती, तो हाच.

नाईक खाली बसले. त्यांनी गाठ हातात घेतली, उलटी केली, ओढली, आडवी हलवली. पुन्हा हलवली. मग ते म्हणाले,

"हिच्यात एक खोट आहे."

बघा, ज्या शब्दांची तिला पूल बांधल्यापासून धास्ती, तेच शब्द, आणि तेही भर बाजारात. गोजराला वाटलं होतं, ते ऐकल्यावर आपण मातीत जाऊ. तिनं स्वतःच्या तोंडून आलेला शब्द ऐकला.

"कुठं?"

"ये, इकडं बस," नाईक म्हणाले. "सरळ ओढलीस तर ही कधी सुटणार नाही. माणसांचं ओझं ती पेलेल. पण आडवं वारं सुटलं आणि पूल दोन्हीकडे हेलकावे खायला लागला, की हे मोकळं टोक दर हेलकाव्याला थोडं थोडं मागं सरकेल. बघ." त्यांनी गाठ बराच वेळ इकडून तिकडे हलवली. टोक खरोखरच सरकत होतं, मुंगीच्या पावलानं.

गोजरा वाकून बघत राहिली. "मग टोक मागं वळवून दोराच्या पिळातच खुपसलं तर?"

"करून दाखव."

तिनं गाठ सोडली. वळसा घेतला, पीळ उकलला, टोक आत खुपसलं आणि आवळलं. नाईकांनी हलवून पाहिलं. टोक हललं नाही. त्यांनी पुन्हा तिच्या हातात दिली. "आणखी एकदा खुपस, उलट्या बाजूनं. आम्ही तसं करतो."

तिनं केलं. नाईकांनी मान डोलावली.

गोजरानं सगळा धीर गोळा केला. "नाईक, एक विचारू? मी शाळेत शिकले नाही. मला गाठींची नावं येत नाहीत. नुसत्या वाहून आलेल्या दोरांकडे बघून बघून शिकले. लोक मला पूलवाली म्हणतात तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटतं. तुम्ही सांगा. मी खरंच पूल बांधणारी आहे का?"

नाईकांनी काठी उचलली आणि नदीकडे केली.

"मला काय विचारतेस? मी राजधानीहून आलो. नदीच्या या काठाला मी कसा पोचलो असं वाटतं तुला?"

लोक हसले. या वेळी गोजराही हसली.

"पुलावर पाय टाकण्याआधी मी गाठ बघितली," नाईक म्हणाले. "उघडी होती म्हणून बघता आली. खोट तेव्हाच दिसली. आज वारं नाही, हेही दिसलं. म्हणून निर्धास्त आलो. झाकलेल्या गाठीवर मी पाय टाकला नसता, मग ती कुणाचीही असो." उठता उठता ते थांबले. "आणि शाळेतसुद्धा आम्ही असंच शिकतो. बांधतो, दाखवतो, दुसरा चूक काढतो, पुन्हा बांधतो. तू हे शाळेवाचून केलंस म्हणून तुला जास्त दिवस लागले असतील, एवढंच. चल, माझी काठी धर. भूक लागलीय."

त्या दिवशी ठकूबाईच्या चुलीवर जास्तीच्या भाकऱ्या पडल्या.

गोजरानं मग आराम केला नाही. तिनं आधी आपला पूल नव्या गाठीनं बांधला. जे जे कुणी शिकून गेले होते त्यांच्याकडे निरोप धाडला: माझ्या गाठीत खोट होती, येऊन सुधारलेली बघून जा. असा निरोप धाडताना तिला लाज वाटली नाही. घाई वाटली. माणसं आली, बघून गेली, आणि आपापल्या ओढ्यांवरचे पूल नव्यानं आवळले गेले.

वैशाखात वळवाचं वादळ आलं. असलं वारं म्हाताऱ्यांनीही पाहिलं नव्हतं. घरांवरची गवतं उडाली, आंब्याच्या फांद्या पडल्या. कातळवाडीचा पूल पाळण्यासारखा हेलकावत होता, आणि टिकला.

वादळानंतर काही दिवसांनी एक अनोळखी माणूस शेळ्यांच्या वाटेवर गोजराला शोधत आला. दूरच्या कुसारी नावाच्या खोऱ्यातला. त्याच्या हातात नारळ आणि लुगडं होतं.

"माझ्या मुलाचं लग्न होतं," तो म्हणाला. "वऱ्हाड पुलावर असतानाच वारं सुटलं. नवरी, वाजंत्री, म्हाताऱ्या बायका, सगळी मध्यावर. पूल असा आडवा जायचा की खालची दरी डोक्यावर आल्यासारखी वाटे. आम्ही दोरांना मिठ्या मारून बसलो. किती वेळ ते देवाला माहीत. पण गाठ सुटली नाही. सगळे घरी पोचले, बाई."

गोजरा गोंधळली. "पण मी कुसारीला कधी आलेच नाही. तो पूल माझा नाही."

"आमच्या कुंभारांनी बांधला. ते धावड्याच्या पिराजीकडून शिकले, आणि सुधारलेली गाठही त्यानंच दाखवली. त्यांना विचारलं, तर म्हणाले, गाठ कातळवाडीच्या गोजराची. म्हणून आलो."

गोजरा वाटेवरच्या दगडावर बसली. जी माणसं तिनं पाहिली नव्हती, ज्यांची नावं तिला माहीत नव्हती, ती आपल्या हातच्या गाठीवर वादळ काढून सुखरूप घरी गेली होती. नाईकांनी खोट दाखवली नसती तर गेली नसती. आणि गाठ चामड्यात असती, तर नाईकांना काय दिसणार होतं!

"त्यात माझं सगळं नाही," ती म्हणाली. "ओल्या दोराचा वळसा कोळ्याचा आहे. उलट्या बाजूनं टोक खुपसणं नाईकांचं." मग जरा थांबून, स्वच्छ आवाजात म्हणाली, "पण गाठ माझी आहे."

माणसानं नारळ आणि लुगडं तिच्या ओटीत घातलं. मग चाचरत म्हणाला, "आणखी एक मागणं आहे. आमच्या वर एक घळ आहे. भोवरीच्या दुप्पट रुंद. तिच्यावर पूल बांधायची कुणाची छाती झाली नाही. तुम्ही बघाल?"

गोजरानं विचार केला. पोटातला तो जुना गोळा हलला, ते तिला कळलं. तो अजून तिथंच होता. लहानांनो, तो बहुतेकांच्या पोटात असतो आणि पुष्कळदा म्हातारपणापर्यंत राहतो. तिनं त्याला राहू दिलं.

"एवढ्या रुंद घळीवर मी कधी पूल बांधला नाही," ती म्हणाली. "आधी लहान बांधून बघू. मोडेल तिथं सगळ्यांसमोर मोडेल, आणि सगळे मिळून बघू. चला."

तिनं शेळ्या शेजारणीच्या हवाली केल्या, दोराचं भेंडोळं खांद्यावर घेतलं आणि कुसारीची वाट धरली. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्याआधी त्या घळीवर पूल उभा राहिला. काठावरची तिची प्रत्येक गाठ उघडी होती, कुणीही वाकून बघावी अशी.

बोध: आपल्याला जे येतं ते उघड्यावर मांडावं, कारण दिसलेली चूक दहा हात मिळून सुधारतात आणि झाकलेली गाठ दुसऱ्याच्याच पायाखाली सुटते.